डॉक्टरांच्या फियाटची टाकी

गावात माणसाला दोन नावं असतात. एक आईबापानं ठेवलेलं, ते शाळेच्या दाखल्यावर येतं आणि मग थेट तेराव्याच्या पत्रिकेवर. दुसरं गावानं ठेवलेलं, ते जन्मभर चालतं. सुकापूरच्या मढवींच्या घरात दोन भाऊ. धाकट्या आनंदाला सगळं पनवेल टाकीवाला म्हणून ओळखायचं. थोरल्या विठूला गाव झाकन्या म्हणायचं. दोन्ही नावं एकाच दिवसामुळं, एकाच गाडीमुळं पडलेली. धाकट्याचं नाव मानाचं झालं, थोरल्याचं टिंगलीचं. यात न्याय कुठला, हे विचारायला चाळीस वर्षं कुणाला सवड झाली नाही.

आनंदा गाड्यांचा मिस्त्री. सोळाव्या वर्षी तो जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर हुसेनचाचांच्या गॅरेजात लागला आणि चाचांच्या मागं तेच गॅरेज त्यानं चालवलं. तेव्हाच्या सगळ्याच गाड्या मे महिन्यात मुंबईहून पनवेलपर्यंत येता येता धापा टाकायला लागत, आणि पुढं घाट उभा असे. गॅरेजासमोर पाण्याची पिंपं मांडलेली असत. तापलेल्या गाडीचं तोंड उघडून उभं राहायचं, वाट बघायची, पाणी भरायचं, हाच अर्धा धंदा होता.

त्यावर आनंदानं एक तोड काढली. पितळी पत्र्याची, तांब्याएवढी एक टाकी बनवून त्यानं ती रेडिएटरच्या शेजारी बसवली आणि नळीनं जोडली. पाणी तापून फुगलं की नळीतून टाकीत उतरायचं, थंड झालं की परत आत ओढलं जायचं. वाटेत रेडिएटरचं झाकण उघडायची गरजच उरत नसे. पहिली टाकी त्यानं पनवेलच्या डॉक्टर गुरुदत्त प्रधानांच्या गाडीला बसवली. पुढं शेदोनशे गाड्यांना तरी बसवल्या असतील. घाट चढून पुण्याला जाणारे लोक मुद्दाम थांबून विचारत, टाकीवाला कुठाय.

माणूस अबोल. कामात चोख. त्याची एक खोड मात्र सगळ्यांच्या लक्षात राहायची. तो गाडीच्या स्टेअरिंगवर कधी धड बसत नसे. गाडी आत घ्यायची असली तर दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर टाकून, अर्धवट टेकून घेई आणि लगेच उतरे. गिऱ्हाइकांना वाटे, कारागीर म्हटला की थोडी ऐट असायचीच.

पुढं द्रुतगती मार्ग झाला. गाड्या बदलल्या, त्यांचं पाणी तापेनासं झालं. टाकी म्हणजे काय हे ठाऊक असलेली माणसं एकेक करून कमी झाली. आनंदाचा मुलगा परेश तळोज्याच्या कारखान्यात लागला. गॅरेज होतं, पण आता तिथं रिक्षांची चाकं जास्त यायची. आनंदा सकाळी विठूचा हात धरून त्याला गॅरेजवर आणी. विठू बाकावर बसून नटबोल्ट बोटांनी चाचपून मापाप्रमाणं वेगवेगळ्या डब्यांत टाके. त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, १९७१च्या मे महिन्यापासून.

त्याचे डोळे कसे गेले हे गावाला तोंडपाठ होतं. विठू तेव्हा तेवीस वर्षांचा, मिठागरात कामाला. भावाचं जेवण घेऊन गॅरेजवर आला, डॉक्टरांची तापलेली गाडी बघितली आणि काही कळत नसताना तिच्या रेडिएटरचं झाकण उघडलं. उकळतं पाणी उसळून तोंडावर आलं. मिठातल्या माणसाला गाडीतलं काय कळणार, असं म्हणून गाव हळहळलं, आणि हळहळून झाल्यावर त्याला झाकन्या म्हणायला लागलं. गावाची माया अशीच असते. लेकरं लहान असताना मागून ओरडत, ती मोठी झाली, त्यांची लेकरं ओरडायला लागली. विठू हसायचा. आनंदाला ते हसणं सोसत नसे, पण तो काही बोलत नसे.

२०११च्या दिवाळीनंतर एका सकाळी डॉक्टरांची मुलगी किशोरीताई गॅरेजवर आली. शाळेतून निवृत्त झालेली, एकटी राहणारी, स्वभावानं करारी बाई. डॉक्टर जाऊन तेरा वर्षं झाली होती, तरी त्यांची गाडी तिनं जपली होती. १९५६ची फियाट. पाठीच्या गोल आकारामुळं लोक तिला डुक्कर फियाट म्हणत, आणि किशोरीताईला त्याचा राग येत नसे, कारण डॉक्टर स्वतःही तेच म्हणत.

"आनंदा, आमचं घर पाडून आता इमारत व्हायचीय," ती म्हणाली. "गाडी ठेवायला जागा राहणार नाही. पुण्याजवळ एक संग्रहालय आहे, ते ठेवून घ्यायला तयार आहेत. पण त्यांची अट आहे. फेब्रुवारीत जुन्या गाड्यांची रॅली आहे, मुंबई ते लोणावळा. त्या रॅलीत जी गाडी पात्र ठरते तीच ते घेतात. नाही ठरली तर मला ती भंगारात द्यावी लागेल. दुसरा रस्ता नाही."

"ठरल की," आनंदा म्हणाला. "गारीला काय झालाय."

"नियम वाच आधी," म्हणत तिनं पिशवीतून कागद काढले. इंग्रजी होते. तिनं ते तिथंच बाकावर बसून वाचून, मराठीत सांगायला सुरुवात केली. गाडी १९४० ते १९६०मधलीच हवी. इंजिनाचा आणि चासीचा नंबर आरसी बुकातल्या नंबराशी जुळला पाहिजे. रंग त्या काळी कारखान्यातून येत होता त्यातलाच हवा. डायनामो काढून नवं काही बसवलेलं चालणार नाही. टायर त्याच मापाचे, दिवे त्याच घडणीचे, आतलं कापड त्याच जातीचं. माणसाला निवडणुकीला उभं राहायला इतकं सिद्ध करावं लागत नाही. विठू नटबोल्ट बाजूला ठेवून ऐकत होता.

आनंदा कामाला लागला. दोन महिने त्यानं दुसरं काही हातात घेतलं नाही. मडगार्डाचा गंज खरवडला, ब्रेक खोलून बांधले, कुठल्याशा जुन्या गिऱ्हाइकाकडून डायनामोचे ब्रश मिळवले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रॅलीचे परीक्षक गाडी बघायला आले. पुण्याचे कुणी निवृत्त इंजिनिअर होते, पांढऱ्या मिशा, हातात बॅटरी. त्यांनी तीन तास गाडी तपासली. खाली आडवे पडून चासीचा नंबर वाचला. किशोरीताई आणि आनंदा परीक्षेच्या निकालाला उभे राहिल्यासारखे बाजूला उभे होते.

"उत्तम आहे," साहेब शेवटी म्हणाले. "फक्त ही टाकी काढा."

आनंदानं काही ऐकू न आल्यासारखं त्यांच्याकडं पाहिलं.

"ही कारखान्याची नाही," साहेब म्हणाले. "काढून नळीचं भोक बंद करा, मी आत्ता सही करतो. दहा मिनिटांचं काम आहे."

"आणि नाही काढली तर?" किशोरीताईनं विचारलं.

"तर अकरावा नियम. कारखान्याबाहेर केलेला बदल चालतो, पण गाडी बनल्यापासून वीस वर्षांच्या आतला हवा. म्हणजे इथं १९७६च्या आधीचा. त्याला पुरावा लागतो. त्या वेळचा फोटो किंवा पावती. ते नसेल तर ज्यानं बदल केला त्याचं निवेदन, तारीख आणि कारण लिहून. आणि ते कारण ज्याला स्वतःला ठाऊक आहे असा एक साक्षीदार. नुसतं 'मी केलं' म्हणून भागत नाही. का केलं, ते लिहावं लागतं. कारण खरं असेल तर त्या काळाशी जुळतं, हा आमचा अनुभव आहे." त्यांनी घड्याळ बघितलं. "पण एवढा खटाटोप कशाला करता? काढून टाका. मी चहा घेऊन येतो."

ते आणि किशोरीताई चहाला गेले. आनंदानं दहाचा पाना घेतला आणि टाकीच्या पट्टीच्या बोल्टावर लावला. हे बोल्ट त्यानं सतरा वर्षांचा असताना आवळले होते. पाना लावून तो तसाच वाकून उभा राहिला. साहेब आणि किशोरीताई परत आले तेव्हा बोल्ट अर्धा आटाही फिरलेला नव्हता.

"ताई, माज्यानं नाय व्हायचा," तो म्हणाला. "कागद देतो."

आता इथं खरी गोष्ट सांगायला हवी, कारण आनंदानं ती तोवर कुणालाच सांगितलेली नव्हती.

तो शुक्रवार होता. हुसेनचाचा नमाजाला गेले होते. डॉक्टरांची गाडी वाफा टाकत आली, डॉक्टर म्हणाले, थंड झाली की पाणी भर, आणि जवळच एका पेशंटला बघायला चालत गेले. गॅरेजात आनंदा एकटा. सतरा वर्षांचं वय, समोर मोटार, आणि रागवायला कुणी नाही. तो स्टेअरिंगवर जाऊन बसला. एक कोपर खिडकीबाहेर टाकलं, एका हातानं चाक धरलं आणि मनातल्या मनात तो खंडाळ्याचा घाट चढायला लागला. तेवढ्यात विठू भाकरीचं फडकं घेऊन आला. बॉनेट उघडं होतं, वाफ यायची थांबली होती, शेजारी पाण्याची बादली. भावाला हातभार लावावा म्हणून तो पुढं झाला.

मढवी ज्या मिठागरात काम करत तिथं एक रीत होती. मिठाचा प्रत्येक कप्पा एकेका माणसाच्या ताब्यात. मीठ ओढायला तयार झालं की नाही, हे त्यानंच सांगायचं. दुसरा कुणी मदतीला आला तर तो आधी विचारी, "झाला का?" आणि कप्पेवाला "झाला" म्हणाला की मगच फावडं आत जाई. त्याच्या शब्दावर कुणी वाकून बघत नसे, बघणं म्हणजे त्याचा अपमान. ज्याचा आगर, त्याचा शबूद, असं म्हणत. विठूचं सगळं आयुष्य त्या रीतीत गेलेलं. गॅरेज म्हणजे आनंदाचा कप्पा. त्यानं झाकणाला हात लावण्याआधी विचारलं, "आनंदा, थंड झाला का?"

आनंदा घाटात होता. त्यानं खाली उतरून हात लावून बघितलं नाही. तिथूनच म्हणाला, "झाला. उघर."

दवाखान्यात डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या विठूला आईनं, ठमाबाईनं, विचारलं, कुणी सांगितलं होतं तुला झाकणाला हात लावायला. आनंदा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. विठू म्हणाला, "मीच उघरला." आनंदाच्या तोंडाशी शब्द आला होता. तो तिथंच राहिला. खरं बोलायला एक क्षण लागतो, पण तो क्षण हुकला की पुढचा यायला वर्षं जातात. त्यानं महिनाभर जेवणाच्या सुट्टीत बसून पितळेची ती टाकी बनवली, की पुन्हा कुणाला तापलेलं झाकण उघडावं लागू नये. लोकांनी त्याच्या डोक्याचं कौतुक केलं. जितकं कौतुक झालं तितकं खरं सांगणं अवघड होत गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती आतून किती घामेजते, हे मूठ धरणाऱ्यालाच माहीत.

म्हणून टाकी काढवेना. आयुष्यात त्या पापापायी त्यानं केलेली तेवढी एकच गोष्ट होती. आणि ती ठेवायची तर कागदावर कारण लिहायचं होतं.

आठ दिवसांची मुदत होती. किशोरीताईनं घरातले सगळे अल्बम उपसले. गाडीचे फोटो निघाले, गाडीसमोर डॉक्टर, गाडीसमोर किशोरीताईची आई, गाडीसमोर सत्कारातला हार घातलेला कुणी पाहुणा. बॉनेट उघडून फोटो काढायचं कुणाला सुचणार? हुसेनचाचांचं कुटुंब कधीच गाव सोडून गेलेलं. किशोरीताई त्या काळच्या दोन ड्रायव्हरांना शोधत बेलपाड्यापर्यंत जाऊन आली, एक वारला होता, दुसऱ्याला काही आठवत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. साक्षीदार रोज गॅरेजच्या बाकावर नट निवडत बसलेला होता, आणि हे आनंदा सोडून कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

सहाव्या दिवशी आनंदानंच साक्षीला विठूचं नाव सुचवलं, आणि दुपारी सगळे सुकापूरच्या घरी ओटीवर जमले. किशोरीताई खुर्चीवर. परेशची बायको निशा कागद-पेन घेऊन बसली, तिचं अक्षर चांगलं. आनंदाची बायको भामा उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. विठू खांबाला टेकून बसला होता.

"बाबा, सांगा," निशा म्हणाली.

आनंदानं घसा साफ केला. "लिव. मी आनंदा हिरू मढवी, ऱ्हानार सुकापूर. डाक्टर गुरुदत्त प्रधानांचे फियाट गारीला मी पितलेची टाकी बसवली, जून एकोनीसशे एकाहत्तर."

निशानं ते शुद्ध करून लिहिलं. "आणि कारण?"

आनंदा अंगणाकडं बघत म्हणाला, "घाटात पानी कमी परू नये म्हनून."

निशानं लिहिलं. खाली साक्षीदाराचं नाव लिहिलं, विठू हिरू मढवी, आणि वाचून दाखवलं. किशोरीताईनं पर्समधून शाईचं पॅड काढलं. निशा विठूजवळ गेली. "मोठे बाबा, अंगठा द्या."

विठूनं हात पुढं केला नाही. दोन्ही हात मांडीखाली घातले.

"दादूस," आनंदा म्हणाला, "आंगठा दे."

"खोट्याव नाय देनार," विठू म्हणाला.

सुपातले तांदूळ थांबले. किशोरीताईनं एकदा विठूकडं आणि एकदा आनंदाकडं पाहिलं. गारठ्याचे दिवस असून आनंदाच्या कपाळावर घाम आला होता.

"चालीस वर्सा गप ऱ्हायलो, ती गोष्ट येगली," विठू म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळंच तो ऐकवत नव्हता. "आंगठा येगला. कागदाव मी मेल्यावबी तो आंगठा ऱ्हाल. त्याखाली खोटा नको."

"मोठे बाबा, यात खोटं काय आहे?" निशानं विचारलं.

विठूनं मान थोडी आनंदाच्या दिशेनं वळवली आणि तो थांबला. तो दुसऱ्यांदा विचारणार नव्हता, हे आनंदाला कळलं. ज्याचा आगर, त्याचा शबूद. त्याला उठून गॅरेजवर जावंसं वाटलं, पाना घेऊन टाकी उपटून काढावीशी वाटली. म्हणजे गाडी पास होईल, कागद लागणार नाही आणि हे सगळं पुन्हा झाकलं जाईल. भामाच्या हातात सूप तसंच होतं. शेवटी तो खाली बसला, विठूच्या समोर, जमिनीवर.

"खोर ते," लिहिलेल्यावर आडवी रेघ मारायची खूण करून तो निशाला म्हणाला. "लिव दुसरा. टाकी बसवली, कारन माज्या भावाचे डोले गेले. तो इच्यारला, थंड झाला का. मी स्टेरिंगव बसलेलो, खेलत. उतरलो नाय. हात लावून बगला नाय. बोल्लो, झाला, उघर. त्यानं माज्या शब्दाव उघरला. त्याला झाकन्या बोलतात, पन उघरवला मी." त्यानं कागदावर बोट ठेवलं. "हां लिव. उघरवला मी."

निशानं लिहून घेतलं. भामा आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिनं स्वतः कितीदा चिडून दिराला म्हटलं होतं, कोनी सांगला व्हता झाकनाला हात लावाला. सासूचं वाक्य सुनेकडं आलं होतं, घरातल्या पाट्या-वरवंट्यासारखं.

"तू बोल्ला का नायस?" आनंदानं भावाला विचारलं. "तवाच का नाय बोल्लास?"

"तवा बोल्लो असतो त हुसेनचाचा तुला हाकलला असता," विठू म्हणाला. "आईनं दोगांना कसा पोसला असता? एक त गेलेलाच."

"मंग? नंतर?"

"नंतर तो शबूद तुजा व्हता. मी कसा बोलू." मग तो म्हणाला, "मी शेवटचा काय बगला म्हाईत हाय? लोकांना वाटतं झाकन बगला. झाकन नाय. तुला बगला. हात भायेर टाकून बसलेलास, राजावानी. हासत व्हतास. मना बरा वाटला, बोल्लो, आपला भाऊ एक दिस गारीवाला व्हनार."

आनंदानं दोन्ही हातांनी भावाचे पाय धरले आणि तो रडला. सत्तावन्न वर्षांचा माणूस लोकांसमोर रडतो तेव्हा बघणाऱ्यांनी कुठं बघावं हे त्यांना समजत नाही. किशोरीताई अंगणातल्या तुळशीकडं बघत बसली. विठूनं पाय सोडवून घेतले नाहीत. थोड्या वेळानं त्यानं उजवा हात पुढं केला आणि निशाला म्हणाला, "आन ती शाई."

दोन दिवसांनी परीक्षक पुन्हा आले. त्यांनी तो कागद गॅरेजात उभ्यानं वाचला, मग बाकावर बसून पुन्हा वाचला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला विठू होता. किशोरीताईनं विचारलं, एवढं पुरेल का, फोटो तर काही मिळाला नाही.

"खोटा कागद करणारा माणूस स्वतःला बरं दाखवणारा कागद करतो," साहेब म्हणाले. "असला करत नाही." त्यांनी सही केली, गाडी पात्र ठरली. दाखल्यात टाकीसमोर लिहिलं, मान्य, १९७१, आनंदा हिरू मढवी यांनी बनवलेली. जाताना त्यांनी विठूचा हात हातात घेतला.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. आनंदानंच ती चहाच्या टपरीवर बसून सांगितली, विचारलं त्याला आणि न विचारलं त्यालाही. काही जण म्हणाले, आता सांगून काय उपयोग. काहींनी त्याच्याकडं काम न्यायचं सोडलं. आणि काही म्हातारे विठूसमोरून जाताना थांबायला लागले, थोडा वेळ उभे राहायला लागले. झाकन्या हे नाव एका दिवसात गेलं नाही. गावानं ठेवलेलं नाव एवढ्यात जात नाही. पण मोठ्यानं म्हणताना आता जीभ अडखळायची.

फेब्रुवारीतल्या रविवारी रॅली निघाली. गाडी किशोरीताईनं चालवली, वडिलांनी शिकवली होती तशी, पाठ ताठ ठेवून. मागं आनंदा आणि विठू. पनवेलला जुन्या रस्त्यावर वीस मिनिटांचा थांबा होता, आणि तो आनंदाच्या गॅरेजपासून पन्नास पावलांवर होता. ऊन चढलं होतं. रंगीबेरंगी जुन्या गाड्यांभोवती माणसं मोबाईलनं फोटो काढत होती. किशोरीताई खाली उतरली, तिला वडिलांचे जुने पेशंट भेटले. गाडी सावलीला घ्यावी म्हणून आनंदा पुढं स्टेअरिंगवर गेला, गाडी गॅरेजाच्या पत्र्याखाली आणली आणि इंजिन बंद केलं.

विठू काठी टेकत समोर आला. बॉनेट त्यानं स्वतःच चाचपून उघडलं. आधी टाकीवरून बोटं फिरवली, मग नळीवरून, आणि मग त्याचा हात रेडिएटरच्या झाकणापाशी येऊन थांबला. टाकी असताना ते उघडायची काही गरज नव्हती. गाडीत पाणी भरपूर होतं.

"आनंदा," त्यानं विचारलं, "थंड झाला का?"

आनंदा खाली उतरला. दार उघडंच राहिलं. पुढं येऊन त्यानं झाकणावर आपला तळवा टेकवला. चटका बसला, तरी उचलला नाही.

"नाय झाला," तो म्हणाला. "थांब जरा, दादूस."

दोघं थांबले. वीस मिनिटं संपली. निशाण घेतलेला माणूस धावत आला, म्हणाला, पुढच्या मिनिटापासून गुण कापले जातील, नियम आहे. किशोरीताईनं त्या दोघांकडं पाहिलं आणि त्याला सांगितलं, "कापा." बाकीच्या गाड्या एकामागून एक निघून गेल्या. गर्दी त्यांच्यामागं पांगली. आनंदानं मधूनमधून तळवा उलटसुलट करत हात तिथंच ठेवला होता. विठू शेजारी काठीवर भार टाकून उभा होता, मिठागरात दुसऱ्याच्या कप्प्याशी उभं राहावं तसा. अर्धा तास गेला असेल. मग आनंदानं हात काढला आणि भावाचा हात धरून त्या जागी ठेवला.

"झाला," तो म्हणाला. "उघर."

विठूनं झाकण फिरवलं आणि काढून हातात घेतलं. काही उसळलं नाही. तो वाकला, दिसत असल्यासारखा तोंड अगदी जवळ नेऊन.

"पानी कवरा हाय?"

"गल्यापत्तूर हाय," आनंदा म्हणाला.